वाय बरोबर साठ

"उभ्या रेघेचं समीकरण लिहून दे. चांगल्या पुस्तकी भाषेत." मुकादमांनी लेकीच्या वहीवर कोरा कागद ठेवला.

काचेच्या कारखान्यातल्या नव्या मशीनने सकाळी चौदा काचा उभ्याऐवजी आडव्या कापल्या होत्या. मुकादमांनी ऑपरेटरवर सगळ्यांसमोर यथेच्छ तोंडसुख घेतलं आणि त्याला घरी पाठवलं. आता चूक कोणाची, ते मालकांना उद्या दहापर्यंत लेखी हवं होतं. त्या कागदावर ऑपरेटरची नोकरी जाणार, हे मुकादमांना पक्कं ठाऊक होतं. लिहिण्यात कुठे कच्चं राहू नये, एवढीच त्यांची काळजी.

"कुठली उभी?" नववीतल्या लेकीने विचारलं.

"डाव्या कडेपासून साठवर. वाय बरोबर साठ. मी स्वतः चिठ्ठीत लिहून दिलं होतं. त्या दीडशहाण्याने काय दाबलं, देव जाणे."

"अहो बाबा, ती आडवी झाली."

"आडवी कशी? वाय उभा असतो. एवढं आम्हालाही कळतं!"

"वायचा अक्ष उभा. पण वाय बरोबर साठ म्हणजे ज्यांची उंची साठ, ते सगळे बिंदू." तिने दोन अक्ष काढून ठिपके दिले. "हा साठ उंचीवर. हा. हाही. जोडा आता."

मुकादमांनी जोडले. वीस वर्षं हाताने काच कापलेला माणूस, पट्टीशिवायही रेघ सरळ आली. आडवी.

"आणि उभी?"

"एक्स बरोबर साठ. डावीकडून साठ अंतरावरचे सगळे, मग ते कितीही वर असोत."

त्यांनी वाय बरोबर साठचेच ठिपके पुन्हा दिले, पुन्हा जोडले. रेघ काही उभी होईना. 'चिठ्ठीत होतं तेच घातलं, साहेब,' एवढंच सकाळी ऑपरेटर म्हणाला होता. पुढे त्यांनी त्याला ब्रही काढू दिला नव्हता.

"निम्मा वर्ग हेच चुकतो," लेक समजुतीने म्हणाली. "बाई पुन्हा काढायला लावतात."

मग मुकादमांनी सकाळचं सगळं सांगितलं. सांगताना त्यांना लाज वाटत होती, आणि लाजेपेक्षा भीती जास्त.

लेकीने पेन खाली ठेवलं. "म्हणजे आता तुम्हाला काढतील?"

"काढतीलही."

"चिठ्ठी कोणाकडे आहे?"

"माझ्याकडेच. तेव्हाच त्याच्या हातातून ओढून घेतली."

तिने स्वयंपाकघराकडे पाहिलं, आई अजून आत होती. मग आवाज अगदी बारीक केला.

"मग कुणाला कळणारच नाही, बाबा."

मुकादमांनी खिशातली चिठ्ठी काढून वहीवर ठेवली.

"तुला कळलं की," ते म्हणाले, आणि कागद आपल्याकडे ओढला.