प्रयागबाईंच्या आमटीची तक्रार

"तुमच्या खानावळीबद्दल तक्रार आलीय," पद्मा म्हणाली. इंदापूरच्या स्टँडमागच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये जेवणारी माणसं घास हातात धरून थांबली.

प्रयागबाई चुलीपुढून उठल्या नाहीत. "काय म्हणत्यात?"

पद्मा बारामतीच्या ग्राहक मंडळाची. स्टँडवरच्या तक्रारपेटीत चिठ्ठी पडली, की मंडळाचं माणूस जाऊन जेवून यायचं आणि तारे द्यायचं. ते तारे स्टँडवरच्या फळ्यावर लागायचे. फळ्यावर एकच तारा म्हणजे धंद्याला कुलूप. परगावचा उतारू मग तिकडं फिरकतसुद्धा नसे.

"जेवणाला चव राहिली नाही, येऊन बघा, असं लिहिलंय. खाली नाव नाही."

"मग बसा की. वाढते."

कोणी लिहिलं, हे बाईंनी विचारलंच नाही. विचारलं ते संभाजीनं. कारखान्याला ऊस वाहणारा ट्रॅक्टरवाला, आडदांड गडी, रोजचं गिऱ्हाईक. "कुणाच्या जिभेला हाड न्हाय त्ये? नाव तर कळू द्या, बघतोच त्याच्याकडं."

भाकरी झकास होती. पण आमटीचा घास तोंडात गेला आणि पद्माचा हात थबकला. मीठच नव्हतं. वांग्याच्या भाजीत मात्र एवढं, की घास घशाखाली उतरेना. तिनं मान वर केली. प्रयागबाई परात बाजूला सारून तिच्याच तोंडाकडं बघत होत्या. बाकीची मंडळी खाली मान घालून मुकाट जेवत होती. एकानं तर वाटी पुढं करून आणखी आमटी मागितली. आता याला काय म्हणावं?

हात धुवायला ती मागं गेली, तसा संभाजी पाठोपाठ आला. मघाचा आवाज पार उतरला होता.

"ताई, आमाला का जीभ न्हाय व्हय? मिठाची पुडी खिशात घिऊन येतो आमी, बाईंची पाठ वळली की टाकतो. बाईंचा माऊली गेला, एकुलता एक. तवापासनं त्यास्नी चवच कळंना झालीया. पण सांगायचं कुणी? पोटचं पोर गेलंय. ही चूल बंद पडली तर बाई जगायच्या न्हाईत. तेवढं फळ्यावर लावू नका."

आजवर पद्मानं कुणाला अर्धा ताराही उगाच दिला नव्हता. मंडळात तिला माघारी खडूस म्हणत, आणि ते तिला ठाऊक होतं. पण आज कमी तारे द्यायला तिचा हात धजेना. तिनं पाचही तारे भरले, 'तक्रारीत तथ्य नाही' असं लिहिलं आणि आत येऊन बाईंना वाचून दाखवलं.

"आणि आमटी तर फारच छान झाली होती," असंही वर म्हणाली. म्हणताना तिला जरा बरं वाटलं.

प्रयागबाईंनी पदरानं तोंड पुसलं.

"चिठ्ठी म्याच टाकली व्हती, ताई," त्या म्हणाल्या. "माऊली व्हता तवर त्यो एकटाच मला खरं सांगायचा. वाटलं व्हतं, आता तुमी तरी सांगाल."