आधी लागणारा दिवा

"वाटेल तेव्हा बटण दाबा, आजोबा," विनिपेगच्या प्रयोगशाळेत ओलेना सवयीने म्हणाली. पण डोक्याला तारा चिकटवलेल्या ओरेस्ट आजोबांच्या मनात दाबायचं यायच्या आतच मेंदू वाचणाऱ्या यंत्राचा समोरचा दिवा लागायचा.

"पोरी, मग ठरवतंय कोण?" आजोबा चिडले.

"तुमचाच मेंदू की!" ती हसली.

ते गेल्यावर तिने तारा धुऊन खुंटीला अडकवल्या. दिवा लागला, आणि तिने नाक खाजवलं. पुन्हा लागला, आणि तिने गार कॉफीचा कप उचलला.

तिसऱ्यांदा लागला, आणि तिने यंत्राची वायरच भिंतीतून उपटून टाकली.

दिवा लागला. या वेळी तिच्या मनात काहीच नव्हतं. दोन्ही हात मांडीखाली घट्ट दाबून, आपण आता काय करणार याची ओलेना वाट पाहत बसली.