बाकावरची वहिनी

“वाकून बुटाची नाडी बांधून दाखव,” कप्तान म्हणाली. “मग बघू.”

वहिनी वाकली. डावा गुडघा कडकन वाजला. कपडे बदलायच्या खोलीतल्या सगळ्या जणींनी तो आवाज ऐकला आणि ऐकलाच नाही असं दाखवलं. नाडी मात्र बांधून झाली.

“झाली की, वन्सं.”

“झाली. पण तेवढ्यात तीन गोल झाले असते.” कप्तानने कानाची पाळी चोळली. “तुझ्या भल्यासाठीच सांगते गं, वहिनी. नवी गोलकीपर आहे, साठीची, तरणीताठी. तू बाकावर बस. पुढच्या मोसमापासून पाण्याच्या बाटल्या सांभाळ. सगळ्यांचं तेच मत आहे.”

थाप मारताना कप्तान कानाची पाळी चोळते, हे वहिनीला चाळीस वर्षांपासून ठाऊक होतं. कप्तान तिची सख्खी नणंद. वहिनी लग्न होऊन घरात आली, त्याच्या दुसऱ्याच आठवड्यात ह्या नणंदेने तिच्या हातात स्टिक दिली होती, कारण गोलमध्ये उभं राहायला कोणी मिळत नव्हतं. तेव्हापासून सगळ्या संघाची ती वहिनी झाली, आणि गोलमधून हलली नाही.

आणि आता पाण्याच्या बाटल्या. चौसष्टाव्या वर्षी बाईला घरी बसवायला मुलं असतात, डॉक्टर असतात, गुडघे असतात. त्यात नणंदेची भर. वहिनीला मनापासून राग आला. तो तिने गिळला नाही, चघळत ठेवला.

साठीपुढच्या बायकांची हॉकी ही बघायची गोष्ट आहे. चष्मे दोरीने बांधलेले असतात, मध्यंतरात पाण्याआधी मलम फिरतं, आणि पंचसुद्धा शिट्टी फुंकली की आधी दम खातात. कुणाला नातवंडाचा ताप आडवा येतो, संघात बाई कमी पडते, मग समोरचे आपल्यातली एक देतात. मागे शिंपीणबाई अशाच तिकडून खेळल्या आणि आपल्याच मैत्रिणींवर गोल ठोकून आल्या. अजून त्यांच्या चहात कोणी साखर घालत नाही. पण हसण्यावारी न्यावा असा हा खेळ नव्हे. मैदानात उतरली की प्रत्येकीला जिंकायचंच असतं, आणि आज तर जो जिंकेल त्याची ढाल होती.

सामन्याला दहा मिनिटं उरली असताना फोन आला. गोलकीपरची गाडी रस्त्यात बंद पडली होती, ती काही वेळेवर पोचत नव्हती. दोन्ही कप्तान पंचांपाशी जाऊन बोलल्या. परत येताना कप्तानची नजर बाकावर थांबली.

“जा, तूच जा,” ती म्हणाली. “दुसरी मोकळी आहेच कोण?”

वहिनीने अंगातला शर्ट काढून पिशवीत कोंबला आणि न आलेल्या बाईचा पिवळा शर्ट चढवला. तो पार मांड्यांपर्यंत आला. त्याला कसल्याशा फुलांच्या साबणाचा वास होता. पॅड बांधून, हेल्मेट चढवून ती गोलमध्ये उभी राहिली. बचावाला पोस्टातून निवृत्त झालेल्या एक बाई होत्या.

“आमचं चुकलं तर खुशाल ओरडा, गोलीबाई,” त्या म्हणाल्या. “भीड धरू नका.”

“भीड घरी ठेवून आलेय,” वहिनी म्हणाली.

समोर निळ्या शर्टांची फळी होती आणि फळीच्या मधोमध नऊ नंबर. नऊ नंबरला तो डावा गुडघा माहीत होता. पहिला फटका तिकडेच आला. वहिनी गुडघ्यावर पडली, कळ मस्तकात गेली, पण चेंडू पॅडला लागून बाहेर गेला.

“पाण्याच्या बाटल्या,” उठताना ती पुटपुटली.

दुसरा फटका तिने स्टिकने अडवला, तिसरा पोटावर घेतला. चौथ्याला पुन्हा डावा गुडघा. दर वेळी ती तेच दोन शब्द पुटपुटायची आणि उठायची. मध्यंतरात कोणीतरी मलम पुढे केलं, तर तिने नको म्हटलं. मलम लावायचं तर पॅड सोडावे लागले असते, आणि सुजलेला गुडघा कोणाला दाखवायची तिची तयारी नव्हती.

उत्तरार्धात पोस्टातल्या बाईंनी लांब पास दिला आणि पुढच्या फळीने समोर गोल केला. एक शून्य. ढाल जवळजवळ हातात आली होती. पण शेवटच्या मिनिटाला गोलरेषेवर चेंडू त्याच बाईंच्या पायाला लागला आणि पंचांनी पेनल्टी स्ट्रोक दिला.

नऊ नंबर चेंडूमागे येऊन उभी राहिली. तिने वहिनीच्या डाव्या कोपऱ्याकडे टक लावून पाहिलं. कोणालाही वाटावं, चेंडू तिकडेच येणार.

वहिनीचं लक्ष डोळ्यांकडे नव्हतंच. हाताकडे होतं. हात वर गेला, खाली आला, स्टिकवर बसला. वहिनी उजवीकडे झेपावली. चेंडू तिच्या ग्लोव्हवर आपटून खांबाबाहेर गेला आणि ती धान्याच्या पोत्यासारखी जमिनीवर आदळली.

शिट्टी झाली. चार जणींनी तिला उठवलं, हातात ढाल देऊन फोटो काढले. पोस्टातल्या बाई हुंदके देत होत्या. वहिनीला भरून आलं, आणि तिने ते लपवलं नाही.

मग पिवळा शर्ट नीट घडी करून तिने त्या बाईंच्या हातात दिला.

“धुऊनच द्यायचा, पण आता कुठे,” ती म्हणाली.

“राहू द्या हो,” त्या म्हणाल्या. “आम्ही नाही विसरणार तुम्हाला.”

वहिनीने पिशवीतून आपला निळा शर्ट काढून चढवला, लंगडत मैदान ओलांडलं आणि पलीकडे उभ्या असलेल्या बसमध्ये चढली. आत निळ्या शर्टांतल्या बायका गुडघ्यांना मलम चोळत होत्या. पहिल्या बाकावर नऊ नंबर खिडकीबाहेर बघत बसली होती.

“सरका जरा, वन्सं,” वहिनी म्हणाली. “पुढच्या मोसमात गोलमध्ये कोण, ते आत्ताच सांगा. आणि सांगताना हात कानापासून लांब ठेवा.”