जिन्यातल्या काचा

मिस्त्रींनी तिसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या भिंतीतल्या काचेच्या पट्टीवरून सावकाश बोट फिरवलं. टोकाचं सिमेंट जरा ओलसर लागलं, पण काच अखंड होती.

"हीपण शाबूत," त्यांनी खाली ओरडून सांगितलं. जिन्यात ताटकळलेल्या अकरा बिऱ्हाडांच्या जिवात जीव आला.

पालिकेचा इंजिनियर मात्र हटेना. "काका, माझं मोजमाप वेगळं सांगतंय. भिंत सरकतेय. संध्याकाळपर्यंत इमारत रिकामी करा."

"गेल्या महिन्यात पाणी सरकलं, त्याआधी वीज सरकली," पहिल्या मजल्यावरची शिंपीण म्हणाली. "आता भिंत. आमच्याच नशिबी सगळं कसं हो सरकतं?"

सगळे हसले. इंजिनियर हसला नाही.

इमारत गिरणीच्या कामगारांसाठी बांधलेली. गिरणी बंद पडून जमाना झाला. तळमजल्यावर सूत रंगवायचं रंगखातं होतं, तिथे वर्षभरापूर्वी कॉफीचं दुकान आलं. एक बॉबिन हरवली तर मुकादम सात पिढ्यांचा उद्धार करायचा; आता त्याच बॉबिनी तिथे काचेच्या पेटीत, वर दिवे सोडून, मांडून ठेवल्या होत्या. शेजारच्या लोहारखान्यात केस कापायचं दुकान आलं, त्याच्या पलीकडे कुत्र्यांना आंघोळ घालायचं. नटून बसलेल्या त्या गल्लीत ही एकच इमारत बिनबोलावलेल्या पाहुण्यासारखी अवघडून उभी होती.

आता कॉफीवाल्यांना तळघर हवं होतं. खाली दिवसभर खोदकाम चाले आणि वर मांडणीवरची भांडी थरथरत. जिन्याच्या भिंतीला चीर पडली, तेव्हा मिस्त्रींनीच तिन्ही मजल्यांवर चिरेला आडवी काचेची पट्टी बसवली, दोन्ही टोकांना सिमेंटचा ठिपका देऊन. गवंड्यांची जुनी रीत. भिंत केसभर हलली तरी काच तडकते. चाळीस वर्षं मिस्त्रींनी याच भरवशावर भिंती जोखल्या होत्या. आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, पण बोट अजून तरबेज होतं.

"साहेब, माणूस खोटं बोलेल," ते म्हणाले, "काच खोटं बोलत नाही. महिना झाला बसवून. आणि ही भिंत माझ्या हातची आहे. उमेदवारीत काम शिकत होतो तेव्हा पाडून नव्यानं बांधली होती."

इंजिनियरने पट्टीकडे पाहिलं. मग त्याने फाइलमधून एक कागद काढला. राहायचंच असेल तर स्वतःच्या जबाबदारीवर राहा, सह्या करा.

कागद पाहून मात्र कोणी पेन हातात घेईना. मिस्त्रींच्या मुलाने वडिलांना बाजूला घेतलं.

"बाबा, छकुलीची खाट याच भिंतीला लागून आहे. आठ दिवस तिच्या मामाकडे जाऊ. काही झालं नाही, तर येऊ की परत."

"समोरच्या इमारतीतलेपण आठ दिवसांसाठीच गेले होते," मिस्त्री म्हणाले. "तिथे आता पाव विकतात."

"पण तिला काही झालं तर?"

मिस्त्रींना ते लागलं. नातीवर त्यांच्याइतका जीव कोणाचा होता? "काच तडकली, तर पोरीला कडेवर घेऊन सगळ्यात आधी मी उतरेन. शब्द आहे माझा. पण जोवर ती शाबूत आहे, तोवर कोणाच्या बापाला भिऊ नकोस."

मुलगा वडिलांचा शब्द मोडणारा नव्हता. त्याने सही केली. त्याच्यामागून शिंपिणीने, मग बाकीच्यांनी. मिस्त्रींच्या बायकोला लिहिता येत नव्हतं. तिच्या एका अंगठ्याला चिंधी गुंडाळलेली होती, म्हणून तिने दुसरा उठवला.

"काय गं लागलं?" शिंपिणीने विचारलं.

"सुरी," ती म्हणाली आणि शाई पुसायला लागली.

इंजिनियर जिना उतरला तो भिंतीपासून अंग चोरून. खालचं मशीन पुन्हा सुरू झालं.

मिस्त्रींच्या खोलीचं दार हल्ली चौकटीत अडकत होतं. परवाच त्यांनी त्याला रंधा मारला होता. आज तरीही खांदा लावून ढकलावं लागलं. लाकूड फुगलं असेल, ते मनाशी म्हणाले. आत भिंतीजवळच्या खाटेवर छकुली पालथी पडून चित्र रंगवत होती.

बायकोने चहा टाकला. आज तिचा चेहरा कधी नव्हे इतका खुलला होता.

"एक सांगू? रागवायचं नाही हं. तुमच्या जिवाला घोर नको म्हणून बोलले नव्हते. आता सह्या झाल्या, सांगायला हरकत नाही."

"सांग की."

"ते कॉफीवाले मेले जिन्यातल्या काचा फोडून जातात. आपण घाबरून पळावं म्हणून. नऊ दिवस झाले. रोज पहाटे बघते तर तिन्ही तडकलेल्या. मग तुम्ही उठायच्या आत मी नव्या बसवते. तुमच्या हत्यारांतल्या हिरकणीनेच कापते काच. एकदा अंगठा कापला, तेवढंच."

मिस्त्री तिच्याकडे वळले. "फोडताना कोणाला पाहिलंस?"

"पाहायला कशाला हवं? आपोआप का फुटणार आहेत? भिंत तुमच्या हातची."

मिस्त्रींचा हात भिंतीवर गेला. तिथे त्यांच्या लग्नाचा फोटो टांगलेला होता. बोटाला कागद लागला. त्यांनी शेजारच्या, मुलाच्या फोटोला हात लावला. तिथेही कागदच. त्याच्या पलीकडे छकुलीच्या बारशाचा, तोही तसाच.

"सगळ्या फोटोंच्या काचा आज संपल्या हो," बायको चहा गाळता गाळता म्हणाली. "उद्यासाठी तेवढी कुठून तरी आणा."