कचकच

भूशास्त्राच्या तोंडी परीक्षेत सरांनी तिच्यापुढे एक करडा दगड ठेवला. तिनं त्याची कपची सरळ दातांखाली धरली.

"अगं, लेबल वाच की! बारीक वाळूचा खडक."

"वाळू असती तर दाताला कचकच लागली असती, सर. हा चिखलाचे थर दाबले जाऊन झालाय."

"लेबल मी लावलंय, बावीस वर्षांपूर्वी. उत्तर बदलतेस, की नापास करू?"

तिनं दगडाची दुसरी कपची त्यांच्यापुढे धरली. "करा नापास. पण आधी चावून बघा."

सरांनी रागारागानं कपची तोंडात टाकली. हळूहळू त्यांचा जबडा थांबला.

"तू पास," ते खाली बघत म्हणाले. "पण हेच उत्तर देणाऱ्या दोघांना मी नापास करून घरी बसवलंय."