डावीकडची जागा

मी जनावरांची डॉक्टर. सिल्लोडच्या डोंगरवस्त्यांवर जायला जुनी फोर-बाय-फोर जीप हवी होती. चंपाबाईंनी विकायला काढलेल्या जीपचं मीटर फोटोत तीन लाख ऐंशी हजार किलोमीटर दाखवत होतं, म्हणून दोन लाख सांगायचे ठरवून गेले. सतरा वर्षं त्यांनी स्वतः ती चालवली होती, वस्त्यांवरच्या अडलेल्या बायकांना दवाखान्यात पोचवलं होतं. मी विचारण्याआधीच त्या म्हणाल्या, “दुसरा गियर जड पडतो. मागचे स्प्रिंगचे पाटे बदललेत.” संभाजीनगरहून सोबत आलेले नसीरभाई मिस्त्री गाडीखाली शिरले, हात पुसत बाहेर आले. “डॉक्टर, चेसिसला एकबी जोड नाय. लई जपलीय बाईनं.” मी म्हटलं, “साडेतीन लाख.” “नाय, एवढी पळालीय. अडीचच द्या,” चंपाबाई म्हणाल्या. शेवटी नसीरभाईंनी तीन ठरवले. मी म्हटलं, “आता मला घाट उतरायला शिकवा.” किल्ली माझ्याकडं देऊन चंपाबाई जीपमध्ये पहिल्यांदाच डावीकडं बसल्या.