दोन कुप्या

“मॅडम, उवा घरच्या की बाहेरच्या, तेवढं सांगा,” काका म्हणाले. “त्यांचं कौतुक नंतर करा.”

संशोधिकेने सूक्ष्मदर्शकावरून डोळे उचलले नाहीत. काचपट्टीवर नराच्या मानेवरची ऊ होती. रुंद डोक्याची, तपकिरी. मादीच्या मानेवरची तिने आधीच तपासली होती. ती फिकट, निमुळत्या डोक्याची. दोन्ही एकाच कुळातल्या होत्या, पण एका जातीच्या नक्कीच नव्हत्या.

“निराळ्या आहेत,” ती म्हणाली.

“म्हणजे वाईट?”

“समितीच्या पत्राप्रमाणे, हो.”

पत्र भिंतीला टाचणीने लावलेलं होतं. करड्या पक्ष्यांची ही जगातली शेवटची जोडी नऊ वर्षं या केंद्रात होती आणि नऊ वर्षांत एकही अंडं मिळालं नव्हतं. समितीला उवांचा संशय होता. बाहेरचे पक्षी पिंजऱ्यात शिरले असतील, त्यांच्या उवांनी जोडी हैराण झाली असेल, असं तिचं म्हणणं. तसं ठरलं, तर पिंजरा सांभाळणाऱ्या काकांची रवानगी भांडारात होणार होती.

“पण एकावर एक, दुसऱ्यावर दुसरी, असं का असू नये?” काकांनी विचारलं.

“पिसांतली ऊ उडत नाही. पक्ष्याबाहेर फार दिवस जगतही नाही. आईकडून पिलाकडे, जोडीदाराकडून जोडीदाराकडे, एवढाच तिचा प्रवास. त्यामुळे पक्ष्यांच्या बहुतेक जातींची आपापली ऊ ठरलेली असते. इथे दोन निघाल्या. त्यातली एक उपरी असणार.”

“माझी आई बहिणीच्या वेण्यांतून रोज उवा काढायची. तिला कोणी शास्त्रज्ञ म्हटलं नाही.”

“तिने त्यांना नावं दिली नव्हती.”

“दिली होती की. तुमच्यासमोर सांगण्यासारखी नव्हती.”

ती हसली. मग तिने वही उघडली. “जाळीला कधी भोक पडलं होतं?”

काकांनी पिंजऱ्याकडे पाहिलं. मादी नेहमीप्रमाणे पूर्वेच्या दांडीवर बसली होती, नर पश्चिमेच्या. दिसायला दोघं सारखीच. नराची चोच जरा जाड. नोंदवहीत नर-मादीतला तेवढाच फरक लिहिलेला होता. नर एका मच्छीमाराच्या जाळ्यात सापडला होता, मादी दूरच्या बंदरात एका व्यापाऱ्याकडून जप्त झाली होती. काका त्यांना रावसाहेब आणि बाईसाहेब म्हणत.

“पडलं होतं,” ते म्हणाले. “मुठीएवढं. दोन वर्षांपूर्वी, उन्हाळ्यात. दोन दिवस तसंच होतं, तार मिळत नव्हती. लिहिणार?”

“लिहावं लागेल.”

“लिहा. खोटं बोलून भांडारात जाण्यापेक्षा खरं बोलून गेलेलं बरं.”

त्यांनी स्टुलावरचा नॅपकिन उचलला, झटकला, पुन्हा तसाच ठेवला. “मी गेलो तर ही दोघं खाणार नाहीत. नव्या माणसाच्या हातून बाईसाहेब दाणा उचलत नाहीत.”

“आणखी एक चाचणी आहे,” ती म्हणाली. “उवा पिसांचा आणि कातडीचा चुरा खातात. त्यांच्या पोटात पक्ष्याचा डीएनए सापडतो. उपऱ्या उवेच्या पोटात बाहेरच्या पक्ष्याचा अंश मिळेल. कावळा म्हणा, साळुंकी म्हणा. मग कोणती उपरी ते कळेल.”

“पक्ष्यांचंच रक्त का नाही काढत?”

“तिसऱ्या पक्ष्याचं काढायला घेतलं, तेव्हा काय झालं?”

केंद्रातला तिसरा करडा पक्षी सुई टोचताना काकांच्याच हातात मेला होता. त्यानंतर सुई बंद झाली. गळलेली पिसंही संसर्गाच्या नियमाप्रमाणे दर शनिवारी जाळली जात, जाळणारेही काकाच. उवा मात्र मऊ कुंचल्याने मानेवरून झाडून घेता येत होत्या.

तिने दोन कुप्या भरल्या. प्रत्येकीत बारा उवा. एकीवर ‘नर’, दुसरीवर ‘मादी’. चिठ्ठ्या तिने दोनदा तपासल्या, मग काकांना मोठ्याने वाचायला लावल्या.

तीन आठवड्यांनी ती स्वतः निकाल घेऊन आली. टपालाने पाठवता आला असता. काका घरट्याच्या पेटीत नवं गवत अंथरत होते. ही बाविसावी पेटी होती.

“बाहेरच्या एकाही पक्ष्याचा अंश सापडला नाही,” ती म्हणाली. “दोन्ही उवा इथल्याच. भोकातून कोणी आलेलं नव्हतं. समितीला तसं कळवलं आहे.”

काका उपड्या बादलीवर बसले. “म्हणजे मी इथेच?”

“इथेच.”

“ऐकलंत का बाईसाहेब? सुटलो!” त्यांनी नॅपकिनने तोंड पुसलं, बराच वेळ पुसत राहिले. मादीने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. नराने पाहिलं नाही.

“आता एवढं केलंत, तर आणखी एक सांगून टाका,” ते म्हणाले. “नऊ वर्षं माझं काय चुकतंय? खाणं बदललं, उजेड बदलला, पेट्या बदलल्या. ती एकदासुद्धा त्याच्या दांडीवर गेली नाही.”

“तुमचं काहीही चुकलेलं नाही, काका.”

“असं कसं? एक नर, एक मादी, दोन्ही धडधाकट. चुकल्याशिवाय असं होईल का?”

तिने दुसरा कागद त्यांच्या हातात दिला. काकांनी खिशातून चष्मा काढला.

कागदावर दोनच ओळी होत्या. नराच्या उवांच्या पोटातला पक्षी: पहिली जात, जगात शिल्लक एक. मादीच्या उवांच्या पोटातला पक्षी: दुसरी जात, जगात शिल्लक एक.